साखर द्यायची नाही

आमच्याकडे श्रावण कोणी पाळो न पाळो, गटारी सगळे पाळतात. आखाड सरत आला की मावसभावाचा फोन ठरलेला. त्याचं घर आंबिवलीला, स्टेशनपासून जरा आत, आणि वर पत्रे टाकलेली गच्ची. मी डोंबिवलीहून जायचो.

मला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. सुई सुरू झाली की माणूस संपला, अशी आमच्या नातेवाइकांची समजूत. भावाने तर ते फारच मनाला लावून घेतलं. लग्नकार्यात तो माझी राखण करत फिरायचा, ताटातली जिलबी उचलून स्वतः खायचा. माझ्या आजाराने तुझंच पोट सुटलंय, असं मी त्याला चिडवायचो.

त्या वर्षी मटणाच्या दुकानापुढे एवढी रांग होती की मटण घरी आलं तेच अंधार पडल्यावर. शिजवायचं तेही चुलीवरच, हा भावाचा हट्ट. खालून रश्श्याचा वास यायला लागला तसा मी आत जाऊन इन्सुलिन घेतलं. ते घेतलं की लगेच जेवायचं असतं, हे मला पाठ आहे. पण बोकड जून निघाला. मटण काही केल्या शिजेना आणि गच्चीवर भावाच्या मित्रांसोबत ग्लास भरत राहिले. माझ्या ग्लासात दारू आणि सोडा, म्हणजे साखर नाही, म्हणून मी स्वतःला शहाणा समजत होतो. चकण्याला काकडी आणि चार शेंगदाणे. फरसाण भावाने मुद्दाम माझ्यापासून लांब ठेवलं होतं. पोटात दारू असली की रक्तातली खाली गेलेली साखर शरीराला लवकर वर आणता येत नाही, हे मला नंतर कळलं.

आधी हात थरथरले, मग घामाने शर्ट भिजला. काय होतंय ते मला कळत होतं. आजही छळतं ते हेच, की मला कळत होतं. समोर कोल्ड्रिंकची बाटली होती, ती मी ओढली. भावाने माझ्या हातातून काढून घेतली आणि खाटेखाली सरकवली.

"साखर दे," मी म्हणालो.

"चढलीय ह्याला," तो बाकीच्यांना म्हणाला. "गोड मागतोय. कोणी द्यायची नाही हां, शुगर वाढेल त्याची."

मी पुन्हा मागितली. जीभ जड झाली होती, पण शब्द नीट निघाला आणि तो सगळ्यांनी ऐकला. कोणीतरी हसलं. मग भावाने लिंबूपाणी केलं, मीठ घालून, आठवणीने बिनसाखरेचं. माझ्या मानेखाली हात घालून त्याने ते मला घोट घोट पाजलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावलो म्हणे. ते मला आठवत नाही.

पुढचं ऐकीव. उतरू दे म्हणून मला झोपवलं. झटके यायला लागले तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. शहाडच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, तेव्हा भाऊ खाली उतरून लोकांच्या हातापाया पडत वाट काढत होता. कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोट टोचून पाहिलं आणि घाईघाईने शिरेतून ग्लुकोज सोडलं. आम्ही त्याला साखरेचा कणही दिलेला नाही, असं भाऊ त्यांना परत परत सांगत होता. डॉक्टर म्हणाले, तीच द्यायला हवी होती.

मी शुद्धीवर आलो तेव्हा तो पलंगाशेजारी उभा होता, मनगटाला रुमाल बांधून. त्याची पार उतरली होती.

"तू मागितली होतीस ना रे?" त्याने विचारलं.

आठवत नाही, एवढं म्हटलं असतं तरी त्याची सुटका झाली असती. डॉक्टरांनाही ते पटलं असतं. पण मेलो असतो ही भीती अजून अंगातून गेली नव्हती, आणि मला राग आला होता. त्या बाटलीचा, त्या हसण्याचा, आणि सगळ्यात जास्त त्याने मायेने पाजलेल्या त्या पाण्याचा.

"हो," मी म्हणालो. "दोनदा."

त्याने मान हलवली. मग तिथेच फरशीवर बसून तो रडायला लागला, आणि मी त्याला गप्प केलं नाही.