विहिरीला लागलं

लिहायला मी पत्रकांवर शिकले. पहिल्या ओळीत अन्याय कोणावर झाला ते सांगायचं, दुसऱ्या ओळीत तो कोणी केला ते, आणि हे सगळं वाचणाऱ्याची बस सुटायच्या आत. भयकथेलाही याहून जास्त काही लागत नाही. तरी लोक विचारतात, चळवळीतली मुलगी भुताखेतांच्या कादंबऱ्यांकडे कशी वळली? मी वळलेच नाही. सरळ चालत होते, वाटेत भुतं भेटली.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला, साहेबांच्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक तसंच, आणि दुष्काळ मात्र जुना, पुरता मुरलेला. संघटनेने मला नांदेडहून तिकडे पाठवलं. आमची पत्रकं गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका छापखान्यात निघायची. मालक लिंगायत, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. पत्रकांवर छापखाना चालत नाही, म्हणून ते खिशात मावतील अशा भयकादंबऱ्या आणि चित्रकथा काढायचे. त्यांचा लिहिणारा हैदराबादेत नोकरीला गेला, तेव्हा माझ्या पत्रकाचं प्रूफ हातात धरून ते म्हणाले, "ताई, तुमच्या लिखाणात लई भ्या असतंय बगा. तेच जरा भुताच्या तोंडून वदवा की."

"नाव माझं छापणार?"

"बाईच्या नावाला कोण भितंय?"

"आमच्या घरात सगळेच भितात."

"मग आडनाव तेवढं ठिवू."

अशी माझी कारकीर्द सुरू झाली. पहिली कादंबरी माहूरच्या घाटात बंद पडलेल्या बसची. दुसरी देगलूरच्या बाजाराची. तिथे एक अडत्या मेल्यावरही तीन भाषांत भाव सांगत बसतो. दोन्ही खपल्या. माझं पत्रक लोक भजी बांधायला वापरायचे, पण भुताचं पुस्तक सलूनमध्ये पानं सुटेपर्यंत फिरायचं. मला याचा राग यायचा. अजून येतो.

त्या उन्हाळ्यात औशाच्या पलीकडच्या एका वस्तीत माझं जाणं-येणं होतं. वस्तीतल्या बाया-माणसांनी दुष्काळी कामावर एक विहीर खोदली होती. जमीन सरकारी, घाम वस्तीचा, आणि कागदावर विहीर पिण्याच्या पाण्याची. तिला पाणी लागलं आणि लगेच टँकर यायला लागला. पाइप सोडायचा, ओढून घ्यायचं आणि लातूरला साहेबांच्या नव्या क्वार्टरकडे न्यायचं. टँकर गेल्यावर तळाला जे उरेल ते वस्तीचं. खोदणाऱ्या बायकांची पुढारीण होती अक्का. तिच्या हातावर सुरुंगाच्या खड्यांचे डाग होते. मी पत्रक काढते म्हटल्यावर ती हसली.

"पत्रक सायेब वाचतेत न् टेबल पुसतेत. तू ते भुताचं लिवतीस ना? माझा लेक न्हाव्याकडं बसून वाचतो. त्यात घाल आमचं."

"अक्का, त्यात भूत लागतं."

"मग ह्यो टँकर काय हाय?"

मला ते पटलं. मी चित्रकथा लिहिली. वस्ती विहीर खोदते, आनंद करते, आणि मग रोज काहीतरी येऊन पाणी पिऊन जातं. शेवटच्या चित्रात कळतं की ते टँकर आहे. पावसाआधी पुस्तक गावोगाव पोचलं तर गवगवा होऊन टँकर थांबेल आणि विहीर वस्तीची राहील, एवढाच हिशेब होता. चित्रकार पुण्याचा. कथा टपालाने जायची आणि चित्रं परस्पर अण्णांकडे यायची. पहिल्या चित्राची सूचना मी अशी लिहिली: 'विहिरीला लागलं! बायका ओरडत धावत सुटतात.'

आमच्याकडे हे कोणालाही कळतं. विहीर खोदताना माणूस पाण्याशिवाय कशाचीच वाट बघत नसतो, म्हणून पाणी हा शब्द कोणी उच्चारत नाही. लागलं म्हटलं की झालं. पण पुण्याच्या त्या गृहस्थांच्या नळाला दोन वेळा पाणी येत असावं. त्यांच्या लेखी लागायचं ते भूत, नाहीतर बाहेरचं काहीतरी.

एसटी स्टँडवर दोरीला टांगलेलं पुस्तक पाहिलं आणि मी ते ओढूनच घेतलं. विहिरीतून एक हिरवा हात वर आलेला, नखं वितभर. केस सुटलेल्या बायका डोळे फाडून पळताहेत. आणि शेवटच्या चित्रातला टँकर? विहीर झपाटलेली म्हणून वस्तीला पाणी पाजायला आलेला! त्याच्या ड्रायव्हरभोवती तेजाचं वलय काढायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मी छापखान्यात जाऊन आरडाओरडा केला. अण्णांनी शांतपणे पान थुंकलं. "चित्र लई जबरी आलंय, ताई. निलंग्याहून आणखी मागणी हाय."

अक्काला वाचता येत नव्हतं, पण चित्र तिने बराच वेळ पाहिलं. "आम्ही कामून पळून राहिलो? आम्ही तर नाचत होतो." मग त्या हातावर बोट ठेवून म्हणाली, "हात काढायचाच व्हता तर इस्त्रीच्या बाहीचा काढायचा."

पुस्तक मात्र धडाक्याने फिरलं. विहिरीचं गाव ओळखू येण्याइतकं मी लिहिलंच होतं. शेजारच्या वस्तीच्या बायका यायच्या बंद झाल्या. अक्काची स्वतःची धाकटी जाऊ घागर घेऊन अर्ध्या वाटेतून परत फिरली. मी सभा घेतली, पाणी पिऊन दाखवलं. लोकांनी माझ्याकडे पाहिलं ते हिला आता काय होतंय या नजरेने.

आम्ही दोघी नव्या कचेरीत गेलो. साहेब तरुण, बोलायला मऊ. अक्काने सगळं सांगितलं. त्यांनी खण उघडला आणि आमचंच पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे तुमचंच ना, मॅडम? आमच्या माणसांचा रिपोर्ट आहे की त्या विहिरीवर लोक जातच नाहीत. मग वाया जाणारं पाणी उचललं तर बिघडलं कुठे?"

अक्काने पुस्तक परत त्यांच्याकडे सरकवलं.

"सायेब, भुताच्या हिरीचं पाणी तुमी कसं पिऊन राहिले मग?"

शिपाई तेवढ्यात ट्रेमध्ये ग्लास घेऊन आला होता. साहेब हसले, पण त्यांनी ग्लास उचलला नाही. अक्काने उचलला आणि उभ्यानेच संपवला. "आमचंच हाय," ती म्हणाली. टँकर थांबवायचा हुकूम काही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आणि तिच्या बरोबरीच्या खोदणाऱ्या बायका विहिरीत उतरल्या. पाणी घोट्यापर्यंत होतं. खाली त्या वाटीने घागर भरत होत्या, काठावर मी दोर ओढत होते. टँकर आला. ड्रायव्हरने पाइप हातात घेऊन खाली वाकून पाहिलं.

"वर या बायांनो. मला हुकूम हाय."

"हुकूमवाल्याला खाली पाठीव," खालून अक्काचा आवाज आला. "दोर धरतो आम्ही."

बायका हसल्या. विहिरीतून हसणं घुमत वर आलं तशी ड्रायव्हरच्या क्लीनरने रामाचं नाव घेतलं. बराच वेळ हॉर्न वाजला. बायका वर आल्या नाहीत, आणि टँकर रिकामा गेला.

पुढच्या खेपेला त्याच्याबरोबर पोलीस आले. तोवर तळाशी नुसता गाळ राहिला होता. जमादाराने काठी टेकून आत डोकावलं आणि अक्कालाच दरडावून विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

"लातूरला," अक्का म्हणाली.

त्याने ते लिहून घेतलं नाही. सरकारी पाणी चोरल्याबद्दल बायकांची नावं तेवढी घेतली. पाऊस लांबला, आणि त्याच महिन्यात सगळी वस्ती दारं ओढून निजामाबादच्या बाजूला कामाला गेली.