कुलूप लागलेले फोटो

जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं की तापलेल्या धुळीचा कोरडा वास येतो, आणि मला धाड गावचे फोटोवाले काका आठवतात. उन्हाळ्याचे दिवस होते. गोणपाटात गुंडाळलेलं मशीन मांडीवर घेऊन ते एसटीने बुलढाण्याला, माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. एका व्हायरसने त्यांच्या साऱ्या फायलींना कुलूप लावलं होतं. कॉपी ठेवायची दुसरी डिस्कही कायम त्याच मशीनला जोडलेली असायची, त्यामुळे तीही गेली होती. दुपारभर मी खटपट केली. काका समोर स्टुलावर बसून होते, मागवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. "साऱ्या गावाले फोटो काढून देल्ले," ते म्हणाले, "घरच्या बाईचा एकबी कागदावर काढला नाही. आता थे गेली, तं भिंतीवर लावाले काही नाही." मी म्हणालो, "काका, फोटो आत हायेत, पण उघडत नाहीत." "आत हायेत न?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी मशीनमधून काढून दिलेली डिस्क रुमालात बांधून ते स्टँडकडे निघून गेले. परवा, इतक्या वर्षांनी, ते कुलूप उघडणारा प्रोग्रॅम कुणीतरी इंटरनेटवर फुकट टाकल्याचं कळलं. मी लगेच फोन लावला. तो त्यांच्या मुलाने उचलला. "बाबा मागच्या दिवाळीत वारले," तो म्हणाला. "थे डिस्क त्याइच्या उशाशीच राहे. काय हाय तिच्यात?" "तुमची आई," मी म्हणालो.