कुमुदिनीचा न दिसणारा स्विच

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये कुणाचा फोन बिघडला, की लाइनमनची वाट बघत बसण्याआधी लोक खांबेट्यांची बेल वाजवायचे. दार श्रीरंगने उघडलं, तर आलेला माणूस त्याच्या खांद्यावरून आत बघत विचारायचा, "भाभीजी हैं?" श्रीरंग मंत्रालयात फायली हाताळणारा माणूस. त्याला घरातला फ्यूजसुद्धा बदलता येत नसे. बायकोची चौकशी होतेय याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. उलट तो मोठ्याने हाक मारायचा, "कुमुद, तुझं गिऱ्हाईक!"

कुमुदिनी पुण्याची, इलेक्ट्रॉनिक्समधली डिप्लोमाधारक. लग्न होऊन दिल्लीत आली तेव्हा देश नुकताच परदेशी कंपन्यांना दारं उघडत होता. ओखल्याच्या एका कारखान्यात ती टेलिफोन एक्स्चेंजच्या तारा जोडायला लागली. पुढे गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तशी तीही तिकडे गेली. रोज सकाळी चार्टर्ड बस धरायची आणि ऑफिसांच्या खोट्या छतांखालून कॉम्प्युटरच्या केबली ओढून घ्यायची. तिने बांधलेल्या केबलींचे जुडगे वेणी घातल्यासारखे नीट असत. एकदा तिने हौसेने श्रीरंगला ऑफिसातली ती खोली दाखवायला नेलं होतं. निळ्या-पिवळ्या वायरी, लुकलुकणारे हिरवे दिवे. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तिचा चेहरा त्याच्या लक्षात राहिला.

मग मंदी आली. त्याआधीच कंपनीत नवं वारं शिरलं होतं. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवायचे, म्हणजे खऱ्या यंत्रांऐवजी सॉफ्टवेअरची यंत्रं, व्हर्च्युअल मशिन्स. त्यांना एकमेकांशी जोडणारा स्विचही सॉफ्टवेअरचाच. तरुण मुलं उड्या मारून ते शिकली. कुमुदिनी मात्र लांब राहिली. "तारच नाही, तर मी हात कशाला लावू?" असं ती घरी म्हणायची. खोलीतली खरी यंत्रं कमी झाली, केबली कमी झाल्या आणि एका दुपारी केबलींची माणसंही कमी झाली. ती घरी आली ती गळ्यातलं ओळखपत्र देऊनच.

आठवडाभर तिने घरातले सगळे पंखे पुसले, माळा आवरला, श्रीरंगच्या शर्टांची बटणं पक्की केली. मग एका शनिवारी ती म्हणाली, "अहो, नेहरू प्लेसला येता का? एक वस्तू उचलायला माणूस हवाय."

ती वस्तू म्हणजे तिथल्या कॉम्प्युटर बाजारात आलेला, कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला सर्व्हर होता. ऑटोत तो दोघांच्या मांडीवर आडवा ठेवून त्यांनी घरी आणला. सुरू केल्यावर घरात अखंड मिक्सर चालल्यासारखा आवाज व्हायला लागला.

"ज्याला मी घाबरले, तेच शिकायचं," कुमुदिनी म्हणाली.

आणि ती शिकली. वयाच्या चाळिशीत, इंटरनेटवरून पानं छापून, पेन्सिलीने खुणा करत. श्रीरंग चहा घेऊन जायचा, तेव्हा ती त्याला समजावून सांगायची. त्याला सांगता आलं तर आपल्याला कळलं, असा तिचा हिशोब होता.

"हे बघा, या डब्याच्या आत स्विच दोन प्रकारचे करता येतात. एक बाहेरचा. तो डब्यामागच्या खऱ्या केबलला जोडलेला असतो. त्यावर बसवलेलं मशिन जगाशी बोलू शकतं. दुसरा आतला, बंद. त्यावरची मशिन्स फक्त आपापसात बोलतात. आत कितीही धुडगूस घाला, बाहेर आवाज जात नाही."

"म्हणजे एक रस्त्याकडचं दार आणि एक माजघर?"

"बिल्कुल!" ती इतकी खूश झाली, की श्रीरंगला मॅट्रिकचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

सर्व्हरच्या घरघरीने शेजारी कुरकुरायला लागले, म्हणून तिने मुनिरक्यात एक खोली भाड्याने घेतली. नरसिंह चौधरी नावाच्या घरमालकाची वरच्या मजल्यावरची खोली. खाली चौधरीचाच सायबर कॅफे होता. त्याचंच इंटरनेट एका केबलने वर येत असे. मुनिरका म्हणजे गल्लीगल्लीत विद्यार्थी. कुमुदिनीच्या दारातून येणारा आवाज ऐकून एकाने डोकावून पाहिलं, मग दुसऱ्याने. मोठ्या इन्स्टिट्यूटची पायरी चढणं ज्यांना झेपत नव्हतं, अशी पोरंपोरी तिच्याकडे यायला लागली. एक जुना डबा, पण त्याच्या आत तिने प्रत्येकाला एक आख्खं ऑफिस थाटून दिलं. दोन-तीन मशिन्स आणि त्यांना जोडणारा स्वतःचा बंद स्विच. "मोडा," ती सांगायची. "मोडल्याशिवाय जोडता येत नाही. फार तर मी नवं बनवून देईन."

त्यात वीणा नावाची एक मुलगी होती. पानिपतची. वडील हातमागावर चादरी विणायचे. ती रोज गाडीने दिल्लीला यायची, वर्गात सगळ्यांत मागे बसायची, आणि प्रश्न विचारायचा झाला तर आधी ओठांतल्या ओठांत घोकून मग विचारायची.

तो प्रसंग घडला तेव्हा शनिवार होता. मंत्रालयाला सुट्टी, म्हणून श्रीरंग जेवणाचा डबा घेऊन वर्गात आला होता. पोरं आपापल्या पडद्यांत डोकं घालून बसली होती. तेवढ्यात जिना धडधडला आणि चौधरी दारात उभा राहिला.

"मॅडम, नेट बंद है! नीचे बच्चे लाइन लगाए खड़े हैं, कल इम्तिहान है उनका, प्रवेशपत्र छापना है। मेरा सब ठीक था। आपने ऊपर कुछ किया क्या?"

श्रीरंगच्या मनात आलं, आता ही म्हणेल, आम्हाला काय माहीत, कंपनीला फोन करा. सरकारी ऑफिसात तो हेच ऐकत आणि कधीमधी बोलतही आला होता. कुमुदिनीने आधी सर्व्हरमागची केबल उपटली. मग म्हणाली, "चलिए, देखती हूँ।"

खाली गर्दी होती. घाबरलेली पोरं, हातात पेन ड्राइव्ह. कुमुदिनीने एका कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं, पडद्यावरचे आकडे बघितले आणि एक सुस्कारा टाकला. श्रीरंगला ती हळूच मराठीत म्हणाली, "नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता लागतो. इथे तो चौधरींचा राउटर वाटतो. पण या सगळ्यांकडे आमच्या वर्गातला पत्ता आलाय. वर कुणीतरी पत्ते वाटणारं मशिन बनवलं आणि आतल्या स्विचऐवजी बाहेरच्या स्विचला लावलं."

"मग आता?"

"आता कबूल करायचं."

ती चौधरीकडे वळली. "चौधरी साहब, गलती हमारे यहाँ से हुई है। मेरी है। अभी ठीक करती हूँ, किसी का काम नहीं रुकेगा।"

चौधरी तोंडाला येईल ते बोलला. खोली खाली करा म्हणाला, धंदा बुडवला म्हणाला. तिने ते ऐकून घेतलं, पण हात थांबवले नाहीत. वरून सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावून तिने एकेकाला एकेका कॉम्प्युटरवर बसवलं. चुकीचा पत्ता सोडून द्यायचा, राउटरकडून नवा मागून घ्यायचा. एकेक पडदा जिवंत होत गेला. प्रिंटर खडखडायला लागला. लाइनीतल्या शेवटच्या पोराच्या हातात कागद पडेपर्यंत कुमुदिनी तिथेच प्रिंटरला कागद पुरवत उभी होती. श्रीरंग मागे उभा राहून पाहत होता. इतक्या वर्षांत तिला असं कामात त्याने कधी पाहिलंच नव्हतं, हे त्याला त्या दिवशी उमगलं.

कुमुदिनी वर गेली, तेव्हा वीणा आधीच येऊन पिशवी भरत होती. डोळे लाल. "मॅडम, मैंने किया था। मैं कल से नहीं आऊँगी।"

"बैठ," कुमुदिनी म्हणाली. "तूने गलत स्विच चुना। पर वो स्विच सबके लिए खुला किसने छोड़ा? मैंने।" मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "चलो, आज सब यही गलती करेंगे। अंदर वाले बंद स्विच पर।"

आणि खरंच, जेवणाचे डबे उघडायचे सोडून सगळी पोरं मुद्दाम तीच चूक करायला बसली. एकाच बंद जाळ्यात पत्ते वाटणारी दोन मशिन्स सोडायची, तिसरं गोंधळतं कसं ते बघायचं, चुकीचे पत्ते वाटणारा चोर कोणता ते शोधायचं. चोर सगळ्यांत आधी वीणानेच शोधला. ती जागेवरून ओरडली, "मिल गया!" आणि आपलाच आवाज ऐकून दचकली.

कुमुदिनीने मग बाहेरच्या स्विचला हात लावायचा हक्क फक्त स्वतःकडे ठेवला. दोन दिवसांनी ती आपण होऊन खाली गेली आणि चौधरीच्या कॅफेचं आणि वरच्या खोलीचं जाळं वेगवेगळं करून दिलं, म्हणजे पुन्हा कुणाची चूक कुणाच्या अंगाशी येऊ नये. चौधरीने खोली खाली करण्याचा विषय पुन्हा काढला नाही. त्याच्या घरून लस्सीचा मोठा पेला वर यायला लागला, तेवढंच.

पुढच्या वर्षी नोएडातल्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं. आपलं जाळं कोसळल्याचा एखादा प्रसंग सांगा, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिने कॅफेची गोष्ट काहीही न लपवता सांगितली. नोकरी मिळाली. श्रीरंगला वाटलं, आता मुनिरका सुटणार. पण ती रविवारी जातच राहिली. "अहो, आठवड्यातून एक दिवस तरी मला माझ्यासारखी माणसं भेटू देत. घाबरलेली," ती म्हणाली.

वीणा वर्षभर वर्गातच मदतीला राहिली, मग गुडगावातल्या एका डेटा सेंटरमध्ये लागली. तिच्या कामाच्या पहिल्या दिवशी तिचे वडील पानिपतहून सोबत आले होते. परतताना ते खांबेट्यांच्या घरी थांबले. चहा घेताना त्यांनी संकोचून श्रीरंगला विचारलं, "साहब, बिटिया वहाँ करती क्या है? बताती है, पर समझ में नहीं आता।"

श्रीरंग सरसावून बसला. आत स्वयंपाकघरात कुमुदिनीचे हात थांबले. ती कान देऊन ऐकायला लागली.

"देखिए भाईसाहब," श्रीरंग म्हणाला, "एक डब्बा है..."