कोंबडीच्या वजनाचं कुलूप

किल्ली आत राहून दार लागलं, किल्ली विहिरीत पडली, किल्ली नवऱ्याने रागाच्या भरात खिशात घालून नेली, असली सगळी प्रकरणं आमच्या बाबांकडे यायची. चाळीस वर्षं त्यांनी कुलपं दुरुस्त केली. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली बोळकंडी. आतल्या गिऱ्हाइकाला बाहेर काढल्याशिवाय दुसऱ्याला आत घेता यायचं नाही. भिंतभर खिळे, खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, किल्ली घट्ट पकडून धरायला फळीला बसवलेला शेगडा आणि कानशींनी भरलेला बिस्किटांचा डबा. बाबा कुलूप कानाशी धरून हलवायचे आणि आतलं काय मोडलंय ते सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, कुलपं त्यांच्याशी बोलतात.

मागच्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं. "गुडघे साथ देत नाहीत," म्हणाले. खरं तर दुकानात त्यांचा अख्खा दिवस स्टुलावर बसून जायचा. त्यात गुडघ्यांचं काय काम, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. आईने डोळे वटारले आणि मी तो प्रश्न गिळून टाकला. माझी जीभ जरा जास्तच चालते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

रिकामपण बाबांना मानवलं नाही. आठवडाभर ते घरातल्या दारांच्या मागे लागले. बिजागऱ्यांना तेल घातलं, कड्या बदलल्या, शेवटी आईच्या कपाटाला असं काही कुलूप बसवलं की आईला दोन दिवस एकाच साडीत काढावे लागले. तिसऱ्या दिवशी ती कुठूनशा पाच कोंबड्या घेऊन आली.

"ह्यांना सांभाळा," म्हणाली, "आणि माझं कपाट सोडा."

मागच्या अंगणात जुन्या फळ्यांचं खुराडं उभं राहिलं. कोंबड्यांची नावंही दुकानातूनच आली. सगळ्यात लठ्ठ ती तिजोरी. चालताना कुरकुरणारी बिजागरी. एकमेकींच्या मागेमागे फिरणाऱ्या दोघी कडी आणि कोयंडा. पाचवी अजून अंड्यावर न आलेली, मूठभर अंगाची तलंग, तिचं नाव टाचणी. संध्याकाळी बाबा "या गं पोरींनो" म्हणत मुठी भरभरून दाणे उधळायचे आणि पाचही जणी त्यांच्या पायात घोटाळायच्या. मला पोरी म्हणून हाक मारून त्यांना कैक वर्षं झाली होती, त्यामुळे खरं सांगायचं तर मला थोडा मत्सर वाटायचा.

मग उंदीर आले.

आधी एक अंडं गेलं, मग दोन. दाण्यांचं पोतं कोपऱ्यात फुटलं. बाबांनी हे प्रकरण सरळ घरफोडीच्या सदरात घातलं. खुराड्याच्या दाराला त्यांनी कडी लावली. अंडं गेलं. दुसरी कडी लावली. अंडं गेलं. मग पेटीतून पितळी कुलूप काढलं, जे त्यांनी म्हणे एका सराफासाठी बनवलं होतं आणि सराफाला ते फार अवघड वाटल्यामुळे परत आलं होतं. सकाळी बाबांनी ते कुलूप बोटांनी चाचपलं आणि छाती काढून म्हणाले, "ओरखडासुद्धा नाही!"

"अंडंसुद्धा नाही," आत वाकून आई म्हणाली.

माझा भाऊ, म्हणजे दादा, औषधांच्या दुकानात कामाला आहे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर औषध असतं, असं त्याचं ठाम मत. तो उंदरांचं औषध घेऊन आला. मेलेल्या उंदराला कोंबडी चोच मारते, मग तीही जाते, असं सांगून बाबांनी पुडी परत केली. मग त्याने पिंजरा आणला. पिंजऱ्याची स्प्रिंग बाबांना पसंत पडली नाही. त्यांनी ती सुधारली, आणि इतकी सुधारली की स्वयंपाकघराचं दार आपटलं तरी पिंजरा खाडकन मिटायचा. बंद पिंजऱ्यातली पोळी उंदीर बाहेरून ओढून खायचे.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण एका शनिवारी उंदरांनी कपडे धुण्याच्या मशीनचा पाइप कुरतडला. घरभर पाणी झालं आणि दादाचे नवे बूट त्यात पालथे पडले. दादाचं डोकं फिरलं.

"बास झालं," तो म्हणाला. "आजपासून आठ दिवस. पुढच्या रविवारी कोंबड्या जाणार. आमच्या मालकांचं शेत आहे, ते ठेवून घेतील. कोंबड्या गेल्या की उंदीर जातील."

बाबा भांडतील, असं मला वाटलं होतं. ते गप्प बसले. दुकानाची पाटी उतरवली त्या दिवशीही ते असेच गप्प होते आणि पुढे महिनाभर धड जेवले नव्हते. मला धडकीच भरली. कोंबड्या गेल्यावर हा माणूस सकाळी उठून करणार काय?

सोमवारी संध्याकाळी ते दाणे टाकून मागच्या पायरीवर बसले होते. कोंबड्या आत गेल्या होत्या. मी मुद्दाम त्यांची खोडी काढली.

"बाबा, तुम्हीच सांगायचात ना, कुलूप बसवायच्या आधी चोर होऊन घर बघावं? मग आता उंदीर व्हायला काय झालं?"

त्यांनी मान वर केली. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला, उठले, खुराड्याशी गेले आणि चक्क जमिनीवर पालथे पडले.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून डोकं काढलं. "अगं बाई! पडले का हो?"

"नाही," बाबा जमिनीवरून म्हणाले. "उंदीर झालोय."

काकूंचं डोकं परत गेलं. बाबा कोपरांवर सरपटत खुराड्याभोवती फिरायला लागले. खाली बसले, उकिडवे झाले, गुडघ्यांवर रांगले, परत पालथे पडले. ज्या गुडघ्यांपायी दुकान बंद झालं, ते गुडघे कुरकुर न करता कामाला लागले होते. मी मागच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आईने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"फळीखाली अंगठा जातोय," बाबा सांगत होते. "अंगठा गेला तिथून उंदीर गेला. आणि ही जाळी! ही कोंबडीला आत ठेवेल, पण उंदराला कोण अडवणार? मी मूर्खासारखा दाराला कुलपं लावत बसलो. त्यांनी दार कधी वापरलंच नाही."

मग त्यांचा तळहात जमिनीवर थांबला. त्यांनी काहीतरी चिमटीत धरलं, चोळलं. पुन्हा जमीन चाचपली. मूठ भरली. दुसरी मूठ भरली.

"हे दाणे आहेत," ते म्हणाले. "एवढे? हे रोज राहतात?"

मी माझी जीभ दातांखाली धरली.

"राहतात थोडे," आई म्हणाली.

"मग सकाळी कुठे जातात?"

"बरेचसे उंदीर खातात. उरलेले मी झाडते. तुम्ही उठायच्या आधी."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" आई म्हणाली.

बाबा मातीतच मांडी घालून बसले. दोन्ही मुठी तशाच बंद होत्या. मग म्हणाले, "किल्लीचे दात दिसेनासे झाले होते. शेवटच्या गिऱ्हाइकाची किल्ली तीनदा कापली, तीनदा चुकली. चौथ्या वेळी त्याला म्हटलं, माझे गुडघे दुखतात."

मला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं. डोळ्यांचं आम्हाला तिघांनाही कळलं होतं. भाजीत मीठ समजून ते साखर घालायचे आणि आम्ही ती भाजी मुकाट खायचो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्यावर अंगणातले उंदीर पोसले गेले.

"म्हणजे इतके दिवस उंदरांना जेवायला मी वाढलं," बाबा आईला म्हणाले, "आणि खरकटं तू काढलंस."

"पंगत मोठी होती," आई म्हणाली. आणि मग मात्र दोघं अशी हसली की काकूंचं डोकं कुंपणावर पुन्हा उगवलं.

मंगळवारपासून बाबांनी काम हातात घेतलं. बारीक जाळी मी आणली. खुराडं चार-चार विटांवर चढवलं आणि जाळी चारी बाजूंनीच नव्हे तर खालूनही ठोकली. खिळा बोटांनी चाचपून, डोळे मिटून ते हातोडी मारायचे. डोळे का मिटता विचारलं, तर म्हणाले, "उघडे ठेवले की ते मधेमधे बोलतात."

खरं काम होतं ते दाण्यांच्या पेटीचं. पत्र्याची पेटी, वर झाकण, पुढे एक फळी. कोंबडी फळीवर चढली की झाकण उघडायचं, उतरली की मिटायचं. उंदीर चढला तर मात्र हलायचं नाही.

"उंदराचं वजन किती असेल?" बाबांनी विचारलं.

आईने विळीवरून न उठता टोपलीतला एक बटाटा त्यांच्या हातात ठेवला. "मागे मी झाडूने एक मारला होता, तो एवढा होता. पण ते एकेकटे कुठे येतात?"

म्हणून फळीवर सहा बटाटे ठेवले तरी झाकण हलता कामा नये, असं ठरलं. बुधवारी ते चार बटाट्यांना उघडलं. गुरुवारी सकाळी पाचांना. आमची भाजी दोन दिवस लांबणीवर पडली. दर वेळी बाबा स्प्रिंग काढत, कानाशी धरून ताणत, पुन्हा बसवत. त्यांच्या चेहऱ्यावर दुकानातला तो जुना रुबाब परत आलेला पाहून माझं पोट भरलं. गुरुवारी दुपारी सहा बटाटे फळीवर बसले आणि पेटी ढिम्म राहिली. मग बाबांनी तिजोरीला उचलून फळीवर ठेवलं. झाकण अलगद वर गेलं. तिजोरी दचकली, पण समोर दाणे पाहून तिने दचकणं पुढे ढकललं. बिजागरी मात्र झाकणाच्या आवाजाने पूर्ण एक दिवस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून होती.

त्या संध्याकाळपासून दाणे उधळणं बंद झालं. रोज कोंबड्या आत गेल्या की आई पेटीभोवती पीठ भुरभुरवायची. शुक्रवारी सकाळी पिठात उंदरांची नुसती जत्रा उमटली होती, पण पेटी भरलेली होती. मी पावलं मोजून बाबांना सांगत होते. शनिवारी पावलं निम्म्यावर आली. रविवारी एकच रांग पेटीपर्यंत आली होती, फळीवर चढून उतरली होती आणि आल्या वाटेने परत गेली होती.

दादा मात्र शब्दाचा पक्का. रविवारी सकाळी तो भोकं पाडलेलं मोठं खोकं घेऊन अंगणात आला. बाबा पायरीवर पाठ करून बसले होते. त्यांच्या हातातला चहा गार झाला होता. मी खिडकीत उभी होते.

दादाने पीठ पाहिलं. खाली वाकून जाळी ओढून पाहिली. खुराड्यात हात घालून चार अंडी काढली आणि ती कुठे ठेवावीत हे न कळून हातातच धरून उभा राहिला. एवढ्यात कोंबड्या जेवायला आल्या. तिजोरीने खाल्लं, मग कडी आणि कोयंडा, मग बिजागरी. सगळ्यात शेवटी टाचणी फळीवर चढली.

झाकण हललं नाही. ती उतरली, लांबून धावत आली, उडी मारली. पेटी ढिम्मच. तिने दोन उड्या जागच्या जागी मारल्या आणि मान वाकडी करून दादाकडे पाहिलं.

दादाने इकडेतिकडे पाहिलं. खिडकीत मी आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. चार अंडी छातीशी धरून त्याने बुटाचं टोक हळूच फळीवर ठेवलं. हळूच म्हणजे दादाच्या मानाने. झाकण खाडकन वर गेलं.

"एवढी जड कोंबडी आपल्याकडे नाही," बाबा मागे न वळता म्हणाले.

दादा कानापर्यंत लाल झाला. "टाचणीला उघडत नाही, बाबा. ती उपाशी राहते."

"उपाशी कशी राहील? मी दाबतो ना रोज. ती आली की पायाने दाबतो."

"ती आलेली तुम्हाला दिसते?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"दिसत नाही," ते म्हणाले. "ऐकू येते. तिची उडी सगळ्यांत हलकी आहे."

अंगणात फक्त पत्र्यावर टाचणीच्या चोचीचा आवाज चालला होता.

"उद्या सुट्टी घेतो," शेवटी दादा म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ," बाबा म्हणाले. "पण आत्ता पाय काढू नकोस. तिचं झालं नाही अजून."