तेलाचे ब्रेक

संस्थान विलीन होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. आमच्या यांचा उमरग्याला दवाखाना होता आणि मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. आसपासच्या गावांतून बोलावणी यायची, म्हणून यांनी बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याची जुनी मोटार स्वस्तात घेतली. तिचे ब्रेक सळयांचे होते. पेडल दाबलं की खालच्या लोखंडी सळया ओढल्या जायच्या आणि चाकं धरायची. त्यासाठी पार मांडीपासून जोर लावावा लागे.

त्याच वर्षी यांचा उजवा पाय अशक्त व्हायला लागला. आधी चालता चालता चप्पल पायातून निसटायची. मग पायऱ्या चढताना भिंतीला हात लागायला लागला. स्वतः डॉक्टर असल्यामुळं काय होतंय ते त्यांना कळलं असणारच, पण मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "शीर आखडलीय."

एकदा नळदुर्गच्या अलीकडच्या उतारावर समोर मेंढरं आली. मी शेजारी बसले होते. यांनी पेडल दाबलं, गाडी जरा मंदावली आणि तशीच पुढं चालली.

"गुडघा दाब," ते म्हणाले. "माझा गुडघा दाब, जोरानं."

मी वाकून दोन्ही हातांनी त्यांच्या गुडघ्यावर सगळा भार टाकला. कळपापासून हातभर अलीकडं गाडी थांबली. धनगर आमच्याकडं एकदा बघून मेंढरं हाकत निघून गेला. त्यानंतर मला सुट्टी असेल तेव्हाच ते लांब जायचे, आणि मी सगळा रस्ता त्यांच्या गुडघ्याकडं बघत बसायची.

हमरस्त्यावर ट्रकची कामं करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांच्या बायकोचा दमा यांच्याच औषधानं आटोक्यात होता. त्यांनी गाडीखाली जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "डाक्टरसाब, ह्या सळयांचं काम न्हाय आता. तेलाचे ब्रेक लावू, तेलाच्या दाबानंच चाकं धरत्यात. लई हलकं पेडल होतंय."

"नवं सामान झेपायचं नाही मला," हे म्हणाले.

"नवं कशाला? सोलापुरात भंगारात मोडक्या जीपा पडल्यात. पुढच्या दोन चाकांना तेलाचे करू. मागं सळयाच राहू द्या."

मिस्त्री स्वतः सोलापूरला जाऊन पोत्यात सामान घालून आले. पण जीपचं काहीच या गाडीला थेट बसेना. नवी भोकं पाडावी लागली, एक पट्टी लोहाराकडून ठोकून घ्यावी लागली. तीन आठवडे मोटार विटांवर उभी होती. शेवटी ब्रेकचं तेल मिळेना. तेव्हा मिस्त्री दवाखान्यात आले आणि एरंडेल मागितलं.

"कुणाला द्यायचंय?" यांनी विचारलं.

"गाडीला. एरंडेलात स्पिरिट मिसळलं की चालतंय. मला एका फौजी ड्रायव्हरनं शिकवलंय."

हे खूप दिवसांनी मोकळं हसले. दोन्ही बाटल्या त्यांनी स्वतःच्या हातानं काढून दिल्या.

ब्रेक खरंच हलके झाले. पहिल्या दिवशी लोहारा गावाच्या रस्त्यावर यांनी मोकळी जागा बघून चार वेळा गाडी थांबवून दाखवली. "आता तू आली नाहीस तरी चालेल," असं म्हणाले. मला बरं वाटायला हवं होतं. पण गाडीतून उतरताना त्यांनी दाराला धरून उजवा पाय हातानं उचलून बाहेर ठेवला, ते मी पाहिलं होतं.

चार-पाच महिने तसे गेले. मग एक दिवस बाजारात पेडलवरून त्यांचा पाय घसरला आणि गाडी एका कुंभारणीच्या मडक्यांत शिरली. तिला लागलं नाही. यांनी खाली उतरून तिची माफी मागितली, मडक्यांचे पैसे भरून दिले आणि गाडी तशीच मिस्त्रींकडं नेली. शाळा सुटल्यावर मला कळलं तशी मीही तिकडं गेले.

"ब्रेक धरत नाहीत," हे बाकावर बसून सांगत होते. "पेडल अजून हलकं होईल का बघा."

मिस्त्रींनी आधी पेडल दाबून पाहिलं. मग गाडी पुढं नेऊन थांबवली, परत आणून थांबवली. दोन्ही वेळा ती जागच्या जागी थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं.

"करतो," ते म्हणाले आणि पाना घेऊन गाडीखाली गेले. अर्धा तास आतून लोखंडावर ठोकल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्यावर त्यांच्या हाताला ग्रीससुद्धा लागलेलं नव्हतं.

हे त्यांच्या हातांकडं बघत राहिले. मग किल्ली त्यांच्यापुढं धरून म्हणाले, "राहू द्या मिस्त्री. कुणी घेणार असेल तर बघा."

"मी शिकते की चालवायला," मी म्हणाले. मिस्त्रींकडं मी तीन दिवस शिकले. चौथ्या दिवशी गाडीपाशी गेले, तर हे आधीच मागच्या सीटवर येऊन बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते. त्यांना पेशंटसारखं मागं बसवून मला गाडी सुरू करता आली नाही.

पुढच्या महिन्यात एका कापड व्यापाऱ्यानं मोटार नेली. त्यानंतर गावाकडचे लोक यांना न्यायला बैलगाडी घेऊन यायचे. गाडीत वाकळ अंथरलेली असायची. दोघं जण त्यांना उचलून बसवत, आणि ते मला सांगत, "बॅग दे." मी बॅग द्यायची. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.