रेखाताईंची गुरुवारची सुट्टी

रेखाताई कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायच्या. कॅन्टीनमधला वडा असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर कुणी नवी घेतलेली चप्पल असो. "वरून समदं चांगलंच दिसतं रं, खोट खालच्या अंगाला असती," असं म्हणायच्या. चाकणच्या आमच्या कंपनीत त्या क्वालिटीला होत्या, मी मेंटेनन्सला फिटर. त्या तिथल्याच जुन्या गावच्या. मी लातूरकडून आलेला, राहायला संत तुकाराम नगरात. एकदा डिस्पॅचच्या घाईत त्यांनी माल अडवला, तसा मॅनेजर ओरडला, "ताई, चालतंय की एवढं!" ताई शांतपणे म्हणाल्या, "चालतंय तर तुमी सही करा." सही कोणी करेना. गाडी रिकामी परत गेली.

एका वर्षी मी शिडीवरून पडलो आणि पाय मोडला. चार महिन्यांनी डॉक्टरांनी फिट म्हणून लिहून दिलं, पण कसला फिट! क्रेनच्या शिडीची चौथी पायरी आली की मी तिथूनच माघारी उतरायचो. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत वाट बघायचं कबूल केलं, नाहीतर स्टोअरला बदली. चौदा वर्षं शिकलेलं काम सोडून मी खोक्यांवर लेबलं चिकटवत बसणार होतो. बायकोला सांगायचीही लाज वाटत होती.

ताईंना मी काही बोललो नव्हतो. एक दिवस त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "पाय जुळला, पर धीर जुळला न्हाई. व्हय ना?" मी शिडीचं सगळं सांगून टाकलं. "मंग घळीला जाऊ," त्या म्हणाल्या.

राजगुरुनगरच्या पुढे डोंगरात ती घळ आहे. तिच्या कड्याला चिकटून जेमतेम एक माणूस जाईल एवढी पायवाट कातळात खोदलेली आहे. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला लोखंडी कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसती हवा. "ताई, डोकं फिरलंय का तुमचं?" मी म्हणालो. "फिरलंय. तू बूट कुठले घालणार ते सांग," त्यांनी विचारलं.

मग सुरू झालं ताईंचं प्लॅनिंग. आम्ही आठ जण, आणि आठ जणांसाठी छापील चेकशीट! पाणी माणशी तीन लिटर. पहिली शिफ्ट सुटायच्या आत, म्हणजे दुपारी तीनच्या आत वाट पार झालीच पाहिजे. असेंब्लीच्या संतोषचे बूट उलटे केले, तळवे गुळगुळीत निघाले. "रिजेक्ट," ताई म्हणाल्या. बिचाऱ्याला नवे घ्यावे लागले. दोर आणि दोन सेफ्टी बेल्ट त्यांनी साहेबांच्या सहीनिशी गेटपासवर बाहेर काढले. पायथ्याच्या गावातला दगडू वाटाड्या म्हणून ठरला. त्याला त्यांनी फोनवर इतके प्रश्न विचारले की तो म्हणे शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, तुमी पोलिसात हाव का?"

ठरल्या दिवशी उजाडताच पोचलो, तर दगडूच्या दाराला कुलूप. फोन लावला. तो राजगुरुनगरला कामाला गेलेला, संध्याकाळशिवाय येणार नव्हता. "तुमीच म्हणलात सुट्टीच्या दिवशी येतो," तो म्हणाला, "आज तर बेस्तरवार! सुट्टी ऐतवारी असती न्हवं?"

घ्या! आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. इथे वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडात सुट्टी म्हणजे गुरुवारच, रविवारी आम्ही कामावर. बावीस कलमांचं चेकशीट करणारी बाई दगडूला वार सांगायलाच विसरली होती. ताईंचा चेहरा उतरला. फोन ठेवताना दगडू एवढंच म्हणाला, "वाट सरळ हाय. फकस्त कठड्याचं नट बघून जावा, पावसात ढिलं व्हत्यात."

"चला माघारी. माझी चूक हाय," ताई म्हणाल्या. पण बाकीचे सहाही जण माझ्याकडे बघत होते. नट बघायला फिटर लागतो, आणि फिटर मी एकटाच होतो! अस्सा राग आला मला, ताईंचा, दगडूचा, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मी बॅगेतून पाना काढला, बेल्ट चढवला, दोराचं एक टोक बेल्टला, दुसरं झाडाला बांधलं, मधला दोर संतोषच्या हातात दिला आणि निघालो.

पहिल्या खांबावर पाना वाजवला. टण्ण. घट्ट. दुसरा टण्ण. तिसरा बद्द वाजला, तो आवळला. ढिला नट मी आवाजावरून ओळखतो, त्यासाठी डोकं लागत नाही, कान लागतो. किती खांब झाले कोण जाणे, एकदम लक्षात आलं की मी खाली बघतोय. तळाला पाणी चमकत होतं. मी पुढच्या खांबावर पाना वाजवला. पलीकडच्या टोकाला पोचलो तेव्हा असा ओरडलो की घळीतली पाखरं उठली. मग माघारी येऊन एकेकाला दोराला बांधून पार नेलं.

शेवटी ताई राहिल्या. एका दगडावर बसून होत्या. "तुमी जावा, मी हितंच थांबते." का म्हणून विचारलं, तर हळूच म्हणाल्या, "मला उंचीचं लई भ्या वाटतं. ल्हानपनापासनं. कुनाला सांगू नगंस." हे सगळं प्लॅनिंग त्यांनी स्वतःपुरतं त्या दगडापर्यंतच केलं होतं.

"उठा," मी म्हणालो आणि त्यांना बेल्ट घातला. "खाली बघू नका. मी पाना वाजवतो, तुम्ही पास-नापास सांगा." माझा खांदा घट्ट धरून त्या निघाल्या. टण्ण. "पास." आवाज थरथरत होता. टण्ण. "पास." अर्ध्या वाटेवर आवाज चढला. एका खांबापाशी तर मला थांबवून ओरडल्या, "ह्यो नापास! तुला ऐकू येत न्हाई व्हय रं?" खरंच, माझ्याकडून निसटला होता. पलीकडे पोरांनी शिट्ट्या मारल्या, संतोष नव्या बुटांत नाचला. ताई रडल्या, हसल्या, आणि मला दोन शिव्या घातल्या. माझेही डोळे वाहत होते, लपवायचं भान कुणाला!

शुक्रवारी मी क्रेनवर चढलो. चौथी पायरी केव्हा मागे पडली ते कळलंही नाही. खाली उतरल्यावर ताईंना विचारलं, दगडूला मुद्दामच वार सांगितला नव्हता ना? त्या खवळल्याच. "मी मुद्दाम चूक करीन? जीभ झडंल तुझी!"

गेल्या दिवाळीत त्या निवृत्त झाल्या. हल्ली नवी पोरं विचारतात, उंचीवर एवढं बिनधास्त काम करायला कुणी शिकवलं? मी सांगतो, आमच्या रेखाताईंनी. बल्ब बदलायचा असला तरी त्या अजून मला बोलावतात, स्वतः स्टुलावर काही चढत नाहीत.