रंभाजीमामांचं साउंड कार्ड

रंभाजीमामा पाणी प्यायचे ते पेला आधी उजेडाला धरून. बसचं तिकीट हातात पडलं की कंडक्टरनं पाडलेली भोकं मोजायचे. आमच्याकडे मुक्कामाला आले की पिशवीच्या बंदाला अशी गाठ मारायचे, की कुणी सोडलीच तर त्यांना कळावं. माझ्या नवऱ्याचे हे सख्खे मामा. बेलापूरला राहायचे, साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर संशयापासूनच सुरुवात करावी लागते, कारण तो त्यांच्या आधी घरात शिरायचा.

१९९८च्या नोव्हेंबरात ते नगरजवळ नागापूरला आमच्या घरी आले ते दातांसाठी. वरचे-खालचे मिळून अकरा दात राहिले होते आणि अकराही हलत होते. नगरच्या डॉक्टरांनी पुढच्या सोमवारची तारीख दिली. सगळे दात काढायचे, हिरड्या भरल्या की दोन-तीन महिन्यांनी कवळी.

"कवळी बसल्यावर गाता येईल का?" मामांनी विचारलं.

"बोलता येईल. गाण्याचं मी कसं सांगू?" डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर खरं तेच बोलले, पण परतीच्या बसमध्ये मामांनी तिकिटाची भोकंही मोजली नाहीत. चाळीस वर्षं ते गायन पार्टीत गायले. जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्न, मयतानंतरचं जलदान, जिथून बोलावणं आलं तिथे. स्वतः रचलेली एकतीस गाणी, आणि एकही कागदावर नाही. शाळा दुसरीपर्यंत, गाणी तोंडात रचली आणि तोंडातच ठेवली. पेटीवर त्यांचे जोडीदार बन्सी असायचे, ते चार वर्षांपूर्वी वारले. आता ती एकतीस गाणी जगात एकाच तोंडात होती, आणि त्या तोंडातले दात सोमवारी निघणार होते. आम्हाला हे उमगलं तो मंगळवार होता.

"नगरात स्टुडिओ आहे. एका दिवसात काम होईल," माझी नणंद जयमाला म्हणाली.

"स्टुडिओत मी पाय ठेवनार न्हाई," मामा म्हणाले. "एकदा ठेवला त्येवढा बास."

ती गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. १९८३ साली जयंतीच्या कार्यक्रमात एका कॅसेटवाल्यानं मामांचं गाणं ऐकलं, "नुसती ट्रायल घेतो" म्हणून एका खोलीत नेलं आणि आवाज भरून घेतला. सहा महिन्यांनी तेच गाणं दुसऱ्याच गायकाच्या आवाजात बाजारात आलं. आपल्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. कॅसेटवाल्यानं नेमकं ते कडवंच गाळलं. तेव्हापासून समोर टेपरेकॉर्डर दिसला की मामा गाणं मध्येच सोडून देत. नंतर तर लग्नाच्या व्हिडिओवाल्यालाही कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायला लावायचे.

जयमालेनं मग घरातच भरू म्हटलं. कॅसेट घराबाहेर जाणार नाही, या अटीवर मामा कसेबसे कबूल झाले. जुन्या टेपवर करून पाहिलं, तर एका माइकमध्ये पेटीच पेटी. दात हलणाऱ्या माणसाचा आवाज पेटीच्या भात्याखाली दबून गेला. पेटी आधी भरायची आणि ती कानाला लावून ऐकत वरून गायचं, असं करायला हवं होतं. जयमालेकडे कॉम्प्युटर होता. त्यावर ती लग्नपत्रिका नि हँडबिलं जुळवायची. पण तो मुका होता. त्याला आवाज द्यायचा तर साउंड कार्ड नावाची वस्तू आत बसवावी लागते. हिरवी पट्टी असते, तिच्या एका कडेला भोकं. एका भोकातून आवाज आत जातो, दुसऱ्यातून बाहेर येतो. मला तेवढंच कळलं आणि तेवढं पुरलं.

बुधवारी आम्ही तिघं दिल्लीगेटजवळच्या एका कॉम्प्युटरच्या गाळ्यात गेलो. दुकानदाराचं नाव राधाकृष्ण. बोलायला गोड. मला गोड बोलणाऱ्याची धास्तीच वाटते, आणि मामा तर माझ्याही पुढचे.

राधाकृष्णनं तीन कार्डं काउंटरवर मांडली. एक साध्या पुठ्ठ्यात, नाव-गाव नसलेलं. एक मधल्या किमतीचं. तिसरा मोठा रंगीत डबा, वर विमान नि आगीचा लोळ छापलेला.

"तुम्हाला गाणी भरायची आहेत ना? मग हे मधलं न्या," तो म्हणाला. "हे फुल डुप्लेक्स आहे. म्हणजे एकीकडे ऐकता येतं आणि त्याच वेळी दुसरीकडे भरताही येतं. हा मोठा डबा गेम खेळणाऱ्यांसाठी. त्यात एका वेळी एकच, ऐका नाहीतर भरा. उगाच हजार रुपये जास्त कशाला घालता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, ऐकलंस का? महाग घेऊ नका म्हनतोय."

"बरोबर बोलतायत ते, मामा," जयमाला म्हणाली.

"बरुबर? साठ वर्सं बाजार करतोय मी. सस्तं घ्या म्हननारा दुकानदार मला अजून भेटला न्हाई." मग राधाकृष्णकडे वळून, "ह्या मधल्या डब्याची चिकटपट्टी कुनी सोडली?"

"मीच. एका गिऱ्हाइकाला दाखवायला."

"आन मोठ्याची?"

"तो कुणी मागितलाच नाही, म्हणून सीलबंद."

"बगा!" मामांनी मांडीवर थाप मारली. "वापरलेलं खपवतोय. चांगला माल झाकून ठिवलाय."

खरं सांगते, मलाही ते पटलं. त्या गुळगुळीत हसण्याचा मला राग आला होता, आणि मी काही जयमालेसारखी दोन यत्ता जास्त शिकलेली नाही. भाजीवाला वरची मेथी पुढे करून खालची झाकून ठेवतो, तेव्हा मी खालचीच मागून घेते. मी मामांची बाजू घेतली. जयमाला तीनदा "अहो, ऐका तरी" म्हणाली आणि मग चिडून बाहेर जाऊन उभी राहिली. मामांनी कनवटीचे पैसे सोडले. आगीच्या लोळाचा डबा घेऊन आम्ही परतलो. मामा रस्ताभर खुशीत. "मला फशीवायला निगाला हुता," म्हणत होते.

गुरुवारी सकाळची वंदना झाली, खीर-पोळीचं जेवण झालं (मामांना चावायचं नको म्हणून आठवडाभर खीर चालली होती) आणि जयमालेनं कार्ड बसवलं. खिडकीला गोधड्या लावल्या. मामांनी पेटी वाजवली, ती भरली गेली, स्पीकरमधून छान ऐकूही आली. मग जयमालेनं वॉकमनचे इअरफोन त्यांच्या कानात घातले, माइक पुढे केला आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत चौकट उमटली. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा चौकट.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"राधाकृष्ण जे म्हणत होता तेच म्हणतंय. एका वेळी एकच."

मला वाटलं, आता मामा दुकानदाराच्या सात पिढ्या काढणार. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते म्हणून मला दिसलं, जयमालेला दिसलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओझं उतरलेल्या हमालाच्या चेहऱ्यावर असतं ना, तसं काहीतरी होतं. "जाऊ दे," ते म्हणाले. "न्हाई हुनार तर न्हाई हुनार." आणि पेटीचा भाता लावून टाकला.

आता संशय घ्यायची पाळी माझी. हातात चार दिवस असलेला माणूस "जाऊ दे" म्हणतो? तेही पंधरा वर्षं एका चोरीचं रडगाणं गाणारा? बुधवारचं सगळं मला उलटं दिसायला लागलं. जयमाला ओरडून सांगत होती ते यांना कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं? कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस. ऐकायचं आणि भरायचं एकदम हवं, एवढं न कळण्याइतका भोळा नव्हे.

दुपारी जयमाला पत्रिका द्यायला गेली. मी मामांपुढे ताकाचा पेला ठेवला. त्यांनी तो उजेडाला धरला. तेव्हा मी विचारूनच टाकलं.

"मामा, तुम्हाला गायचंच नव्हतं ना?"

"काय बोलतीस?"

"चुकीचं कार्ड तुम्ही मुद्दाम घेतलंत."

मामांनी पेला न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "मुद्दाम न्हाई. पन मोडलं तर बरं, आसं आत कुटंतरी हुतं."

"का पण?"

"कॅशेटवर एकदा बसलं की कायमचं बसतं. आन उद्या कुनी इचारलं, चाल कुनाची, तर?"

मला कळेना. चाल त्यांचीच की. आम्ही सगळे तसंच समजत आलो होतो.

"बन्सीची," ते म्हणाले. "एकतीसच्या एकतीस. शब्द माजं, चाली त्याच्या. पेटीवर बसून तो काढायचा, मी वर शब्द बसवायचो. शेवटच्या कडव्यात नाव मातुर एकट्या रंभाजीचं. मानसं टाळ्या वाजवायची, माजा सत्कार करायची, आन बन्सी पेटी उचलून टेम्पोत ठिवायचा. कदी बोलला न्हाई. त्या कॅशेटवाल्यानं चोरी केली तवा मी गावभर बोंबललो. बन्सी नुसता म्हनला, 'रंभाजी, तुजं गेलं त्ये लई लागलं का रं तुला?' बास, एवढंच."

मी ताकाचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"रोज सकाळी तुज्यासंगं पंचशील म्हनतो ना मी? न दिलेलं घेनार न्हाई. म्हनताना जीब जड हुती माजी, सूनबाई. बन्सीनं मला दिलं हुतं का मी घेतलं, त्ये मला अजून ठरवता येत न्हाई. आन आता इचारायला तो न्हाई."

मोठ्या माणसाला उपदेश करायची माझी पद्धत नाही. पण धम्माच्या बाबतीत मी मुळमुळीत बोलत नाही. "मग सोमवारनंतर दोघांचंही जाईल," मी म्हटलं. "तुमचे शब्द जातील, आणि त्यांच्या चालीही. आत्ता निदान नाव तरी घेता येईल."

"कडवं मीटरमधी बसायला नको?"

"ते तुम्ही बघा. शाहीर तुम्ही."

शुक्रवारी आम्ही पुन्हा दिल्लीगेटला. राधाकृष्णनं डबा पाहिला, हसला आणि म्हणाला, "देतो बदलून." मामा लगेच माझ्या कानाशी, "एवढ्या सहज? कायतरी काळंबेरं हाय." तेवढ्यात राधाकृष्ण म्हणाला, "पण तुम्ही डबा फाडलाय, दीडशे कापणार." मामांचा चेहरा उजळला. "हां! आता दुकानदार वाटतोय," ते म्हणाले आणि मधलं कार्ड निमूटपणे पिशवीत घातलं. आत चिकटपट्टीवर धूळ आहे का, ते मात्र भिंगानं पाहून घेतलं. भिंग त्यांनी घरून आणलं होतं.

शनिवार-रविवार आम्ही घरातली सगळी कामं बाजूला टाकली. पहिलं गाणं भरायच्या आधी मामांनी जयमालेला टेलिफोनची वायर काढायला लावली. "ह्यातनं कुनी बाहेर ओढून घेईल." तिनं सांगितलं की कॉम्प्युटर फोनला जोडलेलाच नाही. तरी काढायला लावलीच. मग दुसरी अडचण. कॉम्प्युटरच्या आतली, सगळं साठवायची तबकडी लहान, दोन गाणी भरली की भरत आली म्हणून सांगायची. म्हणून एक गाणं झालं की ते वायरीनं टेपवर उतरवायचं, दोनदा ऐकायचं आणि कॉम्प्युटरमधून पुसायचं. पुसताना मामा पडद्याला नाक लावून बसायचे. "गेलं का? खरंच गेलं? कोपऱ्यात ऱ्हायलं नसंल ना?"

"मामा, तुम्ही गाता की चौकशी करता?"

"दोन्ही. तुजं कार्ड फुल डुप्लेक हाय ना? मीबी हाय."

जयमाला हसून हसून खुर्चीवरून घसरली. तो माणूस विनोद करतो, हे मला त्या दिवशी कळलं.

एकतीसपैकी बावीस झाली. लाईट दोनदा गेली, एक गाणं अर्ध्यात पुसलं गेलं, तीन त्यांना पुरती आठवलीच नाहीत, बाकीच्यांना वेळ पुरला नाही. रविवारी दुपारी त्यांनी ते चोरीला गेलेलं गाणं मागितलं. शेवटचं ठेवलं होतं. पेटी आधी भरली होती, बन्सींच्या चालीवर. मामा इअरफोन लावून ऐकत होते आणि आम्हाला फक्त त्यांचा आवाज येत होता. नुसता, पेटीशिवाय, अकरा हलत्या दातांतून. तीन कडवी नेहमीची झाली. चौथं मी इतकी वर्षं असं ऐकलेलं: "सांगे रंभाजी बेलापूरकर, दिवा जपा रे वादळात." मामा क्षणभर थांबले. कानात पेटी पुढे निघून चालली असणार. मग म्हणाले:

"शब्द रंभाजीचा, चाल बन्सीची, दिवा जपा रे वादळात."

बसलं नाही ते. शब्द जास्त झाले, धाप लागली आणि "वादळात" पेटीच्या मागे पडलं. जयमालेनं बटण थांबवलं.

"पुन्हा घेऊ या का, मामा? ताल चुकला."

"नको."

"एकदाच. नीट येईल."

"नीट करायला गेलो की मी पुन्ना एकच नाव घालीन," मामा म्हणाले. "माजा भरवसा न्हाई मला. तसंच उतरव टेपवर."

जयमालेनं उतरवलं. मामांनी कॅसेट हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि तिच्या मागच्या दोन्ही पट्ट्या चमच्याच्या दांड्यानं मोडून टाकल्या. त्या मोडल्या की त्यावर दुसरं काही भरता येत नाही.